कोरे तंबू

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. पण नाव हवंच कशाला? तसली राज्यं कुठेही असतात.

त्या राज्याच्या उत्तरेला डोंगर होते आणि डोंगरात एक उंच खिंड होती. हिवाळ्यात खिंडीतली नदी गोठायची आणि शत्रूला चालत यायला आयती वाट मिळायची. म्हणून थंडी पडू लागली की सैनिकांच्या तुकड्या वर पहाऱ्याला जात आणि बर्फ वितळलं की खाली परतत.

राजधानीत एक तंबूकार राहत होता. त्याच्या वडिलांच्या काळातले तंबू असे जड, की एकेक वाहायला बैल लागत. बैल घाटात बसले की तंबू माणसांच्या डोक्यावर येत. लहानपणी त्याने वाकून चाललेले सैनिक पाहिले होते, आणि तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की यांचं ओझं आपण हलकं करायचं. मोठेपणी त्याने ते करूनही दाखवलं. बारीक पण चिवट सूत शोधलं, कापडाला मेण लावलं, लाकडी खांबांऐवजी वेळूच्या काठ्या वापरल्या. त्याचा तंबू घडी करून पडशीसारखा पाठीला बांधता येई. एक माणूस तो घेऊन आरामात घाट चढू शकत असे.

त्या राज्यात तंबूंची पारख करण्याची एक रीत होती. वसंतात तुकड्या परतल्या की राजवाड्यापुढच्या मैदानात सगळे तंबू रांगेने उभारायचे. राजा येऊन बसायचा. मग फरासखान्याचा, म्हणजे तंबू-कनातींच्या खात्याचा, दरोगा हातात छडी घेऊन फिरायचा आणि प्रत्येक तंबूवर छडी मारायचा. कापड नगाऱ्यासारखं वाजलं तर तंबू उत्तम. कापडावर डाग दिसला, शिवण उसवलेली दिसली, तर त्या तुकडीच्या नाईकाने पागोटं काढायचं आणि बोडक्या डोक्याने मैदानाला फेरी मारायची, सगळ्या गावादेखत, स्वतःच्या बायकापोरांदेखत. राजाची वस्तू जपता आली नाही, याची ती शिक्षा होती.

तंबूकाराचे तंबू सगळ्यांत गोड वाजत. कापड तो असं मापून कापी की कुठे बोटभर ढील राहू नये. आणि पहिल्या वर्षी उसवलेली एक शिवण सोडली, तर दरवर्षी ते तंबू खिंडीतून जसेच्या तसे परत येत. ना डाग, ना भोक.

“बर्फात राहून आलेत, पण बघा,” दरोगा म्हणायचा, “जणू आजच मागावरून उतरलेत!”

तंबूकाराची छाती फुलायची. फुलेल नाही तर काय? चांगलं काम करणाऱ्या माणसाला आपलं काम टिकलेलं पाहण्यापरतं दुसरं सुख नसतं.

त्याचा धाकटा भाऊ त्याच खिंडीत सैनिक होता. दरवर्षी तो परत यायचा तो आणखी वाळून. एका वर्षी खोकला घेऊन आला. पुढच्या वर्षी डाव्या हाताची करंगळी खिंडीतच ठेवून आला. थंडीने काळी पडली म्हणून वैदूने कापली होती.

“आणि तंबू कसा होता रे?” तंबूकाराने विचारलं.

“तुझा तंबू ना दादा? एक टाका उसवला नाही.”

तंबूकार खूश झाला. भावजय मात्र चुलीपाशी बसून दोघांकडे बघत होती.

“भाऊजी,” ती म्हणाली, “तुमच्या तंबूत ऊब असते का हो?”

“म्हणजे काय? वारा आत शिरणार नाही असा शिवलाय.”

“मग बोट कसं गेलं?”

भाऊ खोकला आणि म्हणाला, “जेवायला वाढ.” विषय तिथेच राहिला.

त्या वर्षीचा हिवाळा फार कडक पडला. खिंडीतून निरोप आला की धाकट्याला ताप भरलाय आणि उतरत नाही. भावजय मेथीचे लाडू बांधायला बसली. तंबूकाराने आपला नवा, नुकतीच राजमुद्रा लागलेला, सर्वांत उत्तम तंबू घेतला, सुईदोरा आणि कात्री घेतली, लाडू घेतले आणि एका म्हाताऱ्या तट्टावर ओझं टाकून निघाला.

ते तट्टू दरसाल सैन्याचं सामान वर नेई आणि खाली आणी. त्या काळी जनावरं बोलत, आणि हे तर जरा जास्तच बोले.

“हलकं आहे हो तुमचं ओझं,” चढणीला तट्टू म्हणालं. “बाकी कारागीर माझा कणा मोडायला निघालेत.”

“आवडले ना तुला माझे तंबू?”

“फार! वर नेताना जसे बांधलेले असतात, खाली आणताना तसेच. गाठसुद्धा तीच.”

“शिस्तीची माणसं आहेत,” तंबूकार कौतुकाने म्हणाला.

तट्टाने नुसते कान हलवले. कान हलवण्यात काय होतं, ते तंबूकाराला तेव्हा कळलं नाही.

दुपारी तो खिंडीत पोचला. जिकडेतिकडे पांढरं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. त्याला पाहताच जाड मिशांचा नाईक धावत आला.

“उस्ताद! तुम्ही इकडं? अहो, आधी कळवायचं तरी!”

“कळवलं असतं तर काय केलं असतं?”

“तंबू उभारून ठेवले असते,” मागून एक सैनिक बोलून गेला. नाईकाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुसऱ्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

तंबूकाराने आजूबाजूला पाहिलं. एकही तंबू दिसेना. एक मोठा खडक पुढे झुकलेला होता. त्याच्याखाली दगडांची रांग रचून आडोसा केला होता आणि तिथे माणसं एकमेकांना चिकटून बसली होती. कुणाच्या खांद्यावर गोणपाट, कुणाच्या अंगावर घोड्याची झूल. मधोमध त्याचा भाऊ पडला होता, ओठ फुटलेले, डोळे अर्धे मिटलेले.

पलीकडे, खडकाच्या सगळ्यांत कोरड्या कोपऱ्यात, गवत अंथरून त्यावर तंबू रचून ठेवले होते. घडी जशीच्या तशी. आणि ओल लागू नये म्हणून त्यांच्यावर जाडजूड घोंगड्या पांघरलेल्या होत्या.

माणसं उघडी होती आणि तंबू पांघरुणात होते.

“हे काय आहे?” तंबूकाराचा आवाज चढला. “घोंगडी माणसाच्या अंगावर नाही आणि तंबूच्या अंगावर?”

शेवटी नाईकाने मान वर केली.

“पहिल्या वर्षी उभारला होता एक. काय सुरेख दिसत होता! मग वारा सुटला. मागची शिवण वरपासून खालपर्यंत गेली. वसंतात मी बोडक्या डोक्यानं मैदानाला फेरी मारली. माझी लेक पुढच्याच रांगेत होती. घरी आल्यावर विचारते, ‘बाबा, तुम्ही चोरी केली का?’ त्यानंतर नाही उभारला. शेकोटीचा धूर लागतो, चिखल लागतो. नकोच ते.”

“म्हणून पाठीवर घेऊन चढता आणि पाठीवर घेऊन उतरता?”

“हलका आहे, म्हणून जमतं,” नाईक म्हणाला. तो हे अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. तंबूकाराला मात्र ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

तो भावापाशी बसला. “मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू दादा?” भाऊ पुटपुटला. “दरसाल मैदानात तू उभा असायचास. केवढा आनंद असायचा तुझ्या तोंडावर! म्हटलं, एवढी एक गोष्ट तरी कुणाला सुखाची होतेय, ती कशाला मोडा?”

खरं सांगायचं, तर तंबूकाराला आधी पश्चात्ताप झाला नाही. राग आला. माणसाचं असंच असतं. “तुम्हाला उभारता येत नसेल!” असं म्हणून त्याने आपला नवा तंबू सोडला, मेखा ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. तंबू उभा राहिला, देखणा, ताठ. त्याने बोटाने टिचकी मारली. कापड वाजलं.

“बघा!” तो म्हणाला.

तेवढ्यात खिंडीतून वारा आला. तंबू वाकला नाही, कारण वाकायला त्याच्यात जागाच नव्हती. एक लांब आवाज झाला आणि मागची शिवण वरपासून खालपर्यंत गेली.

“घ्या,” नाईक पागोट्याला हात लावत म्हणाला, “यंदाची माझी फेरी ठरली.”

दोघंतिघं हसले. तंबूकार हसला नाही. फाटलेली कड हातात धरून त्याने ती बोटाने तपासली. कापड चांगलं होतं. टाके चांगले होते. चूक मापात होती, आणि ते माप त्याने वाऱ्यासाठी घेतलंच नव्हतं. छडीसाठी घेतलं होतं.

त्याने कात्री काढली. नाईकाने घाबरून त्याचा हात धरला.

“उस्ताद, राजाची मुद्रा आहे त्याच्यावर!”

“मुद्रेला ताप आलेला नाही. माझ्या भावाला आलाय. हात सोडा.”

मग तो कामाला बसला. ताणलेलं कापड त्याने कापलं आणि मध्ये सैल पट्ट्या जोडल्या, म्हणजे वारा आला की तंबू श्वास घेतल्यासारखा फुगेल आणि पुन्हा बसेल. काठ्या तोडून उंची कमी केली. आतून घोंगड्यांचं अस्तर लावलं. कडांवर दगड ठेवायला रुंद झालर सोडली आणि माथ्याला धुरासाठी भोक ठेवलं. दिसायला तो प्रकार उकिरड्यावरच्या म्हशीसारखा दिसत होता, असं तट्टू म्हणालं. आणि ते खोटं नव्हतं.

वारा पुन्हा आला. तंबू वाकला, थरथरला, पुन्हा सावरला.

भावाला आत नेलं. शेकोटी पेटवली, लाडू कढत पाण्यात कुस्करून त्याला भरवले. हळूहळू त्याच्या अंगाला घाम फुटला आणि ताप उतरला. दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि वर पाहिलं.

“दादा,” तो म्हणाला, “तुझ्या तंबूत पहिल्यांदाच झोपलो मी.”

तेव्हा मात्र तंबूकाराला रडू आवरलं नाही.

तो हिवाळाभर तिथेच राहिला. त्या तुकडीचे सगळे तंबू त्याने कापले, आणि सैनिकांनी गोल बसून शिवले. दूरच्या चौक्यांवर जायच्या वाटा बर्फाने बुजल्या होत्या. तिथल्या तुकड्यांपर्यंत त्याला पोचता आलं नाही. तो रोज त्या दिशेला बघायचा.

वसंतात मैदान भरलं. पांढऱ्याशुभ्र तंबूंच्या रांगा लागल्या, आणि एका टोकाला काजळीने काळे पडलेले, ठिगळ लावलेले, बुटके तंबू. लोक हसू लागले. दरोगाने छडी मारली. भद्द आवाज आला आणि धूळ उडाली.

“नाईक, पुढे या!” दरोगा ओरडला.

“तो येणार नाही,” तंबूकार पुढे होत म्हणाला. “महाराज, हे तंबू मी कापलेत. माझ्या हातांनी.”

राजाला वाईट वाटलं. “तुम्ही? राज्यातला सर्वांत चांगला कारागीर? असं का केलंत?”

“महाराज, मला शिक्षा द्याच. पण आधी या तुकडीतली माणसं मोजायला सांगा. गेली तेवढी सगळी परत आली आहेत. मग त्या कोऱ्या तंबूंच्या तुकड्यांना विचारा, त्यांची माणसं कुठे झोपली, आणि त्यांतली कोण कोण आली नाहीत.”

राजाने विचारलं. एक म्हातारा नाईक जमिनीकडे बघत एकेक नाव घेऊ लागला. सोमाजी. त्याचा मेहुणा बहिरजी. भाकऱ्या छान थापायचा तो हिरोजी. प्रत्येक नावाला गर्दीतून कुणाचा तरी हुंदका येत होता.

“आणि तंबू?” राजाने हळूच विचारलं.

“तंबू सुखरूप आणलेत, महाराज.”

मैदानात कुणी हसेना. ही रीत राजाच्या आजोबांनी घालून दिली होती आणि तिच्यात त्याला कधी वाईट काही दिसलं नव्हतं. मैदानात बसून ते दिसणारही नव्हतं.

मग त्याने हुकूम दिला. मैदानातली पारख त्या दिवसापासून बंद झाली. पारख व्हायची तर खिंडीत, भर थंडीत, आणि दरोगाने स्वतः तंबूत राहून करायची. पुढच्या हिवाळ्यात दरोगा खिंडीत गेला. एका कोऱ्या, ताठ तंबूत त्याने मुक्काम केला आणि सकाळी शिंकत बाहेर येऊन सगळ्यांत आधी कात्री मागितली.

तंबूकार त्यानंतर दरवर्षी खिंडीत जाऊ लागला. तंबू फाटले की लोक त्याला हक्काने सांगत, कधी शिव्याही देत. आणि तो खाली बसून ते ऐकत असे. काही तंबू मळले, काही जळले, काही तिथेच संपले. सोमाजी, बहिरजी आणि हिरोजी काही परत आले नाहीत. पण पुढच्या वसंतात खिंडीतून उतरणाऱ्या वाटेवर घरची माणसं उभी होती, तेव्हा ज्याची वाट बघत होती तो प्रत्येक जण चालत खाली आला.

तात्पर्य: वस्तू माणसाला जपण्यासाठी असते; जिथे माणसालाच वस्तू जपत मरावं लागतं, तिथे आधी रीत बदलावी.