शंखोबाचा एकटेपणा

आज जिथे आमचा बाजार भरतो, तिथे फार पूर्वी समुद्र होता. तळाशी रिकाम्या शिंपल्या दाटीने बसून जुन्या भरत्यांच्या आठवणी काढत. मोठा शंख मात्र दूर एकटाच लोळत झिजत असे.

"शंखोबा, या आमच्यात. भुगा होईल हो तुमचा!" एक शिंपली म्हणाली.

"तुमच्यात? माझी ऐट बघितलीस?"

"बघितली की! काल तीन वेढे होते, आज दोनच उरलेत."

शंख ओशाळून हसला आणि घरंगळत त्यांच्यात शिरला. वर थर साचले, शिंपल्यांचाच चुना पाझरून सगळ्यांना सांधत गेला. युगांनी तिथे चुनखडीचा दगड झाला.

परवा पाथरवटाने तो फोडला. आत शंख दिसला.

"तेवढा सुटा काढून द्या," मी म्हणालो.

"शेठ, तो आता सुटा निघायचा नाही."