वेशीबाहेरची सावली

एका राज्यात वेशीबाहेरच्या वस्तीला सावली नव्हती. पूर्वी होती. पण ती राजविहिरीवर पडते नि पाणी बाटतं, असं दरबारी म्हणाले. राजाने मांत्रिक बोलावला. त्याने वस्तीतल्या माणसांच्या, झाडांच्या, छपरांच्याही सावल्या गोळा केल्या आणि राजवाड्याच्या तळघरात कोंडल्या. तेव्हापासून वस्तीत छपराखालीही ऊन पडे, आणि राजवाड्यात दिवा लागेना.

त्या वस्तीत तानकी राहत होती. तिचं तान्हं लेकरू उन्हाने झोपत नसे. ती त्याच्यावर ओणवी होई, पदर धरी. ऊन तिच्यातून आरपार जाई. लेकरू सुकत चाललं. तेव्हा ती राजवाड्याकडे निघाली.

सासू म्हणाली, "राजाकडे काय मागशील गं? पैठणी?"

"नाही, आत्याबाई. माझी सावली."

सासूने लेकरू मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "माझीही बघ हो. कशी होती, विसरलेच मी."

तळघराच्या दारात भारद्वाज पक्षी राखणीला होता. म्हणाला, "तीन कामं कर. आधी निखाऱ्यांवरून चाल."

ती चालली. रोजची वाट काही गार नव्हती.

"आता भरल्या घड्यापाशी तहानेली बस."

ती बसली. दिवस मावळला, तरी हात पुढे केला नाही.

"कुठे शिकलीस हे?"

"तुमच्याच विहिरीवर. कुणी वरून पाणी घालील म्हणून बसतोच की आम्ही."

पक्ष्याने मान खाली घातली. "आता तुझी सावली ओळखून उचल. एकच. दुसरीला हात लावलास, तर तूच सावली होशील."

आत सावल्यांचे ढीग होते. सगळ्या वाकलेल्या, सगळ्यांची ओंजळ तोंडाशी. तानकी कितीतरी वेळ बघत राहिली.

"ओळखलीस?"

"सगळ्या आमच्याच आहेत, पक्षीराज. नेईन तर सगळ्या."

"मग सावली होशील."

"होऊ दे. लेकरावर पडेन तरी."

तिने दोन्ही हातांनी ढीग कवळला. मांत्रिकाने लोभावर मंत्र घातला होता, भीतीवर घातला होता. यावर घातला नव्हता. मंत्र तुटला. सावल्या पाखरांसारख्या उडाल्या. राजवाड्यात उजेड आला.

राजा खाली आला. त्याने मांत्रिकाला हद्दपार केलं. म्हणाला, "बाई, विहिरीचा दोर आजपासून तुमच्या वस्तीच्याही हाती. आणखी काय हवं?"

"काही नको, महाराज. घरी जाऊ द्या."

ती पोचली तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन डोक्यावर आलं होतं. ती लेकरावर ओणवी झाली. त्याच्या तोंडावर सावली पडली. त्याने ती कधी पाहिली नव्हती. मूठ उघडून धरू गेलं, आणि धरता धरता झोपलं.

ऊन सरकलं, तशी तीही सरकत राहिली.