तरसाच्या मागे पळायचं कुणी?

फार पूर्वी, वर्तमानपत्रं नव्हती आणि थापा तोंडीच माराव्या लागत, तेव्हाची ही गोष्ट. माळावरच्या कळपाच्या राखणीला दोघे होते. ढोल्या रेडा रोज सकाळी वडाच्या खोडाला डोकं लावून रेटायचा. चपळ्या काळवीट टेकडीला फेऱ्या मारायचा.

"पळणं हे भित्र्यांचं काम," रेडा म्हणायचा.

"आणि झाडाशी भांडणं शहाण्यांचं?" काळवीट पळता पळताच विचारायचा.

एका सकाळी तरसाने तानू म्हशीचं पारडू मानगुटीला धरून पळवलं. रेडा डुरकत धावला आणि ओढ्यापर्यंत पोचून जीभ बाहेर काढून बसला. काळवीट मात्र तरसाला गाठून त्याच्या शेजारून पळू लागला.

"काय रे, जेवायला येतोस?" तोंडातलं पारडू न सोडता तरसाने विचारलं.

काळविटाने चिडून शिंगं लावली. तरसाच्या एका धक्क्यात तो उताणा पडला.

तेवढ्यात तानू पोचली. ती चाऱ्यासाठी रोज डोंगर चढायची आणि डबक्यातली जागा इतर म्हशींना रेटून मिळवायची. तिने तरसाला असं उडवलं, की पारडू तिथेच टाकून तो पसार झाला.

दुसऱ्या दिवशी तिने रेड्याला टेकडीवर धाडलं आणि काळविटाला वडापाशी. तिसऱ्याच दिवशी दोघे लोळत पडले.

"वहिनी, आज अंग दुखतंय," रेडा कण्हला. "उद्यापासून नक्की."

"माझंही आज मन लागत नाहीये," काळवीट म्हणाला.

पारडाच्या मानेवरची जखम चाटत तानू म्हणाली, "बरं. तरसाला तसा निरोप धाडते."