छातीतली गाठ, गळ्यातला आवाज

“नर्व्हसकट गाठ काढली, तर बिघडेल काय, सर?” तरुण सर्जन शार्दूल मिरजगावकर याने विचारले.

प्रश्न कसला, निकालच होता तो. सगुणाबाईंच्या छातीतील गाठ दोन डॉक्टरांनी क्षयाची ठरवली होती. ती मज्जातंतूवर वाढलेली, क्वचितच आढळणारी, पण कर्करोगाची नसलेली गाठ आहे, हे शार्दूलनेच ओळखले होते.

वृद्ध डॉ. सोहनी स्कॅन पाहत राहिले. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी शस्त्रक्रिया सोडली होती. शिकवणे सोडले नव्हते.

“याच नर्व्हवर आवाज चालतो, शार्दूल.”

“आवाज कायमचा बसेल, एवढंच. गाठ मात्र समूळ जाईल. नर्व्ह सोडवत बसलो, तर एखादा कण मागे राहायचा, आणि नाव माझं खराब!”

“बाईंना सांगितलंस?”

“हो. ‘बरं’ म्हणाल्या. घरी एकट्याच असतात, सर. बोलायला आहे कोण?”

“अस्सं…”

सर उठले. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाच्या खाटेच्या पडद्याबाहेर गुपचूप उभे राहण्याचा त्यांचा शिरस्ता होता. विद्यार्थी त्याला हसत, शार्दूलही हसे. आज सरांनी मनगट धरून त्यालाही तिथे नेले आणि ओठांवर बोट ठेवले.

पडद्याआड सगुणाबाई बोलत होत्या.

“सगुणे, जेवून घे गं. असं काय करतेस? … उद्या घाबरायचं नाही. मी आहे ना.”

चमचा ताटलीवर वाजला.

“शहाणी माझी बाय ती.”

आत दुसरे कोणीही नव्हते.

शार्दूलने मनगट सोडवून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मज्जातंतूचे आवरण उभे चिरले, आणि धागा न् धागा बाजूला सारत आतली गाठ अलगद सोलून काढली. सकाळी सुरू झालेले काम दुपार कलल्यावर संपले.

शुद्धीवर येताच सगुणाबाई पुटपुटल्या, “झालं गं, सगुणे…”

आवाज घोगरा होता, पण होता.

शार्दूल धावतच बाहेर आला.

“सर, आवाज शाबूत आहे!”

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काठी उचलली.

“थांबा ना, चहा घेऊ. एवढी घाई कसली?”

“घरी जाऊन सांगायचंय.”

शार्दूल अडखळला. “पण सर… काकू गेल्यापासून घरी तर कोणीच…”

“म्हणून तर मोठ्यानं सांगतो.”