तुरीच्या मुळावरच्या गाठी

शके अठराशे एकोणऐंशीच्या आषाढात एका मुरमाड रानात ज्वारी आणि तूर शेजारी उगवल्या. माती इतकी हलकी, की एकीचंही पोट भरणं कठीण.

अशात उपाशी जीवाणू तुरीच्या मुळाशी आले. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "तूरबाई, थारा द्या, घासभर गोडवा द्या. जगलो तर फेडू."

तुरीने पानांनी उन्हात रांधलेली साखर खाली धाडली. जीवाणूंनी मुळावर घरं केली आणि मुळाला गाठी आल्या.

तोवर ज्वारी कमरेएवढी झाली होती, तूर वीतभरच. ज्वारी फिदीफिदी हसली. "अगं खुजे, गाठी म्हणजे रोग! या फुकट्यांना हाकल, नाहीतर फुलाआधीच मरशील."

तूर मनातून भ्याली. तरी म्हणाली, "अक्का, घरात घेतलेल्याला उपाशी हाकलत नाहीत."

भाद्रपदात पाऊस कोसळला आणि मातीचा उरलासुरला कस धुऊन गेला. ज्वारी खालून पिवळी पडत गेली, कणीस पोटरीतच, पानाच्या वेढ्यातच अडकलं. पुढे कळ्या धरायची वेळ आली, तशी तूरही थकली. "बाबांनो, मला बळ पुरत नाही," ती म्हणाली.

"हवेतलं नत्र झाडाला धरता येत नाही, आम्हाला येतं," म्होरक्या म्हणाला. "तुमच्यासाठीच धरलंय. घ्या, बाई."

तूर शेंड्यापर्यंत हिरवीगार झाली, फुलांनी पिवळी झाली, शेंगांनी वाकली.

ज्वारीने मान खाली घालून विचारलं, "बाई, तो रोग मला नाही का होणार?"

तूर हसली. खालून म्होरक्याने विचारलं, "फिटलं का, बाई?"

"फिटलं," तूर म्हणाली.