कुंभारणीचं गाडगं आणि दिगूकाकाची पेटी

एक होती कुंभारीण माशी. इवलीशी. उडणारी.
कंबर दोऱ्याएवढी. राग मात्र डोंगराएवढा!

नळाखाली होता चिखल. कुंभारीण जायची, गोळी आणायची.
गुं गुं गुं, थाप!
गुं गुं गुं, थाप!
दिगूकाकाच्या कॉम्प्युटरची पेटी होती ना, तिच्या पाठीवर तिनं बांधलं एक गाडगं. बोराएवढं. गोल गोल. बाळाला ठेवायला.

गाडगं होतं ओलं. तेवढ्यात दिगूकाकानं पेटी सुरू केली.
घुर्रर्र! थडथड थडथड!
गाडगं हललं. गाडगं सुटलं.
टप्प! फुटलं.

काका आपला पडद्यावर पत्ते खेळत बसला. लाल राणी, काळा राजा. त्याला पत्ताच नाही!
मग काका चहा प्यायला गेला. पेटी गप्प झाली. पण एक हिरवा दिवा लुकलुक, लुकलुक. एक डोळा उघडाच!

कुंभारणीनं पुन्हा गाडगं बांधलं. गुं गुं गुं, थाप! गुं गुं गुं, थाप!
आता ते वाळायला हवं. एक दिवस लागतो. एकच!
आणि काका तर चहा संपला की येणार.

कुंभारीण गेली पेटीकडे.
"पेटीबाई, पेटीबाई, एक दिवस निजतेस का?"
"मी नाही ज्जा!" पेटी म्हणाली. "माझ्या पाठीत वायर आहे. ती गुदगुल्या करते. मला झोप कशी लागेल? वायर सुटली तर निजेन."
"अस्सं काय! माझं घर पाडलंस ते पाडलंस, वर तोंड करून बोलतेस? बघतेच मी!"
गुं गुं गुं, निघाली.

कुंभारीण गेली वायरीकडे.
"वायरताई, वायरताई, सुटतेस का?
पेटी निजेना,
गाडगं वाळेना,
माझं बाळ ठेवू कुठं?"
"मी नाही ज्जा!" वायर म्हणाली. "बटण चालू आहे. अशी सुटले तर ठिणगी उडेल. आधी बटण मिटू दे."
"अस्सं काय! नुसती लोळून असतेस, तरी एवढा तोरा? बघतेच मी!"
गुं गुं गुं, निघाली.

कुंभारीण गेली बटणाकडे. बटण भिंतीवर बसलं होतं. नाक वर करून.
"बटणराव, बटणराव, मिटता का?
वायर सुटेना,
पेटी निजेना,
गाडगं वाळेना,
माझं बाळ ठेवू कुठं?"
"मी नाही ज्जा!" बटण म्हणालं. "मला बोट लागतं, बोट! तेही दिगूकाकाचं. त्यानं ऐकलं तर मिटेन."
"अस्सं काय! राव म्हटलं तर डोक्यावरच बसलात! बघतेच मी!"
गुं गुं गुं, निघाली.

कुंभारीण गेली दिगूकाकाकडे. काका बशीत चहा ओतत होता.
फुर्रर्र! अर्धा चहा संपला.
"दिगूकाका, दिगूकाका, ऐकता का?
बटण मिटेना,
वायर सुटेना,
पेटी निजेना,
गाडगं वाळेना,
माझं बाळ ठेवू कुठं?"
"मी नाही ज्जा!" काका म्हणाला. "माझा डाव अर्धा राहिलाय. लाल राणी अडकून पडलीय बिचारी."
"राणी बिचारी? आणि माझं बाळ?"
काकानं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. हळूच म्हणाला, "हे बघ कुंभारणी, मी कुणाला भीत नाही. फक्त शकूताईला भितो. ती ओरडली तर ऐकेन."
"अस्सं काय! एवढ्या मोठ्या मिश्या, आणि ओरडल्याशिवाय ऐकायचं नाही? बघतेच मी!"
गुं गुं गुं, निघाली.

शकूआत्या म्हणजे दिगूकाकाची मोठी बहीण. आत्या बसली होती पाटावर. त्या दिवशी होती खंडेनवमी. रोज राबणाऱ्या वस्तूंची पूजा!
आत्यानं विळीला हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं. विळी निजली.
कात्रीला हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं. कात्री निजली.
सायकलला हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं. सायकल निजली.
आज त्यांना कुणी हात लावायचा नाही. भाजीसुद्धा आत्यानं कालच चिरून ठेवली होती.

"शकूआत्या, शकूआत्या, ओरडता का?
काका ऐकेना,
बटण मिटेना,
वायर सुटेना,
पेटी निजेना,
गाडगं वाळेना,
माझं बाळ ठेवू कुठं?"
"मी नाही ज्जा!" आत्या म्हणाली. "सणाच्या दिवशी उगाच कशाला ओरडू? हां, पूजेतल्या वस्तूला कुणी हात लावला, तर मात्र ओरडेन. चांगली ओरडेन! पण त्या पेटीवर फूल आहे का? नाही ना?"
"मग वाहा ना फूल!"
"अगं, माझ्या यादीत विळी आहे, कात्री आहे, सायकल आहे. पेटी नाही. माझ्या आईच्या यादीतही नव्हती."
"तुमच्या आईच्या वेळी पेटीच नव्हती!"
"म्हणूनच यादीत नाही," आत्या म्हणाली. "झेंडू आपण होऊन हलला आणि तिथं जाऊन बसला, तर ओरडेन."
"अस्सं काय! विळीला सुट्टी, कात्रीला सुट्टी, सायकलला सुट्टी, आणि पेटीनं तेवढं राबायचं? बघतेच मी!"
गुं गुं गुं, निघाली.

फुर्रर्र! फुर्रर्र! काकाचा चहा एक घोट उरला.

कुंभारीण गेली झेंडूकडे. झेंडू टोपलीत बसला होता. गाल फुगवून.
"झेंडूराव, झेंडूराव, हलता का?
आत्या ओरडेना,
काका ऐकेना,
बटण मिटेना,
वायर सुटेना,
पेटी निजेना,
गाडगं वाळेना,
माझं बाळ ठेवू कुठं?"
"मी नाही ज्जा!" झेंडू म्हणाला. "मी जाणार तोरणात. दारावर मिरवणार. आणि फुलानं काय आपल्या पायांनी चालत जायचं? कुणी मानानं उचललं तर हलेन."

आता मात्र कुंभारीण रडकुंडीला आली.
"पेटी म्हणते वायर. वायर म्हणते बटण. बटण म्हणतं काका. काका म्हणतो आत्या. आत्या म्हणते झेंडू. जो तो बोट दाखवतो दुसऱ्याकडे! काम कुणी करायचं की नाही?"

टोपलीशेजारी बसली होती नवी काकू. दिगूकाकाची बायको. या घरात येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. कुणाशी फार बोलायची नाही. आपली सुई, आपला दोरा, आपलं तोरण.

"नवी काकू, नवी काकू, उचलतेस का?
झेंडू हलेना,
आत्या ओरडेना,
काका ऐकेना,
बटण मिटेना,
वायर सुटेना,
पेटी निजेना,
गाडगं वाळेना,
माझं बाळ ठेवू कुठं?"

नवी काकू "मी नाही ज्जा" म्हणालीच नाही!
तिनं विचारलं, "किती दिवस लागतील गं?"
"एकच दिवस."
"घर नवीन आहे?"
"अगदी नवीन. अजून ओलं आहे."
"माझंही," नवी काकू म्हणाली.

फुर्रर्र! काकाचा चहा संपला.
नवी काकू उठली. झुपझुप, झुपझुप.
पेटीला हळदीचं बोट लावलं. कुंकवाचं बोट लावलं. झेंडू दोन्ही हातांनी उचलला. पेटीच्या डोक्यावर ठेवला.
आणि झुपझुप, झुपझुप, परत तोरणापाशी!

दिगूकाका आला. खुर्चीत बसला. बोट पुढं केलं...
"दिग्या! हात मागे!"
आत्या ओरडली. एवढ्यांदा ओरडली, की सायकलची घंटी वाजली. ट्रिंग!
"पूजेतल्या वस्तूला हात लावतोस? मीट ते बटण! काढ ती वायर!"
"अगं ताई, पण पूजा केली कुणी? मी नाही केली. तू केलीस?"
"मी? माझ्या यादीत तर..." आत्या थांबली. फुलाकडे बघितलं. "ज्यानं केली त्यानं केली! पूजा ती पूजा. हात मागे!"

मग काय झालं?
झेंडू हलला, म्हणून आत्या ओरडली.
आत्या ओरडली, म्हणून काकानं ऐकलं.
काकानं ऐकलं, म्हणून बटण मिटलं. खट्!
बटण मिटलं, म्हणून वायर सुटली. सट्!
वायर सुटली, म्हणून पेटी निजली. हिरवा दिवा गेला. दुसरा डोळाही मिटला.
पेटी निजली, म्हणून गाडगं वाळलं. टण्ण वाळलं!
आणि गाडगं वाळलं, म्हणून कुंभारणीनं आपलं बाळ हळूच आत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. काकानं पेटी सुरू केली.
घुर्रर्र! थडथड थडथड!
गाडगं हललं का? नाही!
गाडगं सुटलं का? नाही!

कुंभारीण गेली काकाच्या कानाशी.
"आता पेटीला उठवा हवं तेवढं! पण पुढच्या खंडेनवमीला फूल विसरलात, तर बघतेच मी!"
आत्यानं ते ऐकलं. गुपचूप यादी काढली. विळी, कात्री, सायकल. त्याखाली लिहिलं, पेटी.
आणि नवी काकू? तिनं तोरणाला गाठ मारली, आणि गालात हसली.

कुंभारणीनं आणली शेवटची गोळी.
गुं गुं गुं, थाप!
गाडग्याला लागलं झाकण,
आणि आपल्या गोष्टीलाही!