पैलवानाला गादी कशाला?

कुंदाला ससा हवा होता. फार फार हवा होता.

कुंदाचा मामा बाजारात गेला. टोपलीतून ससा घेऊन आला. पांढरा पांढरा, गोल गोल.

मामाने सशाला पुढून बघितलं. मागून बघितलं. मिशीवर ताव दिला.

"गडी पैलवान हाय! छाती बघा, छाती!"

ती छाती नव्हती. ते पोट होतं. पण मामाला कोण सांगणार? मामाला सगळं कळतं.

झालं! सशाचं नाव पडलं पैलवान.

"पैलवान, हरभरे खा!" कुडुम कुडुम.

"पैलवान, उड्या मार!" टुणुक टुणुक.

पोट आणखी गोल झालं. मामा खूश. "खुराक लागतोय अंगाला!"

एक गुपित सांगू? जवळ या. पैलवानाच्या पोटात पिल्लं होती. पैलवान आई होणार होती! श्श! मामाला सांगू नका. तो ऐकायचा नाही.

सशाची पिल्लं उघडीवाघडी जन्मतात. अंगावर एक केस नसतो. त्यांना गार लागतं. म्हणून पैलवानाने आपल्याच पोटावरचे केस उपटले. राहायच्या खोक्यात मऊ मऊ गादी केली.

मामा आला झाडू घेऊन.

"हा काय केर? पैलवानाला गादी कशाला? पैलवान मातीत झोपतो!"

झर्र झर्र, झर्र झर्र. वारा आला. भुर्रर्र!

गादी गेली.

मग मामा जेवला. मोठ्ठा ढेकर दिला. खाटेवर आडवा झाला. कशावर? जाड जाड कापसाच्या गादीवर!

पैलवान रडकुंडीला आली. पोटावर आता केस उरले नव्हते. पिल्लं तर आज येतो, उद्या येतो म्हणत होती.

ती निघाली. टुणुक टुणुक, हुश्श! टुणुक टुणुक, हुश्श!

कुंपणापाशी मेंढी होती.

"मेंढीताई, मेंढीताई, लोकर दे ना."

"कशाला?"

"गादी करायला. मला पिल्लं होणार!"

"पैलवानाला पिल्लं? बें हें हें! मामा म्हणतो, तू पैलवान. मामाला सगळं कळतं. पण लोकर देईन हो. आधी शेवग्याला सांग, पाला दे."

टुणुक टुणुक, हुश्श! पैलवान गेली शेवग्याकडे.

"शेवगेदादा, शेवगेदादा,
मेंढी लोकर देईना,
गादी काही होईना!
पाला दे ना."

"गादी कशाला?"

"मला पिल्लं होणार!"

"पैलवानाला पिल्लं? सळ सळ सळ! मामा म्हणतो, तू पैलवान. मामाला सगळं कळतं. पण पाला देईन हो. माझी मुळं सुकलीत. आधी हापशाला सांग, पाणी दे."

टुणुक टुणुक, हुश्श! पैलवान गेली हापशाकडे. हापशाचा दांडा लांबच लांब.

"हापसेकाका, हापसेकाका,
शेवगा पाला देईना,
मेंढी लोकर देईना,
गादी काही होईना!
पाणी दे ना."

"गादी कशाला?"

"मला पिल्लं होणार!"

"पैलवानाला पिल्लं? खर्र खर्र खर्र! मामा म्हणतो, तू पैलवान. मामाला सगळं कळतं. पण पाणी देईन हो. माझा दांडा कुणी हलवायचा? आधी मामाला सांग, हापस."

टुणुक टुणुक... हुश्श! पोट जड झालं होतं. पैलवान गेली मामाकडे.

"मामा, मामा,
हापसा पाणी देईना,
शेवगा पाला देईना,
मेंढी लोकर देईना,
गादी काही होईना!
हापस ना."

"घुर्रर्र," मामा म्हणाला.

"मला पिल्लं होणार!"

"घुर्रर्र. फुस्स."

मामाला सगळं कळतं. झोपेत मात्र काही कळत नाही.

टुणुक... हुश्श! टुणुक... हुश्श! पैलवान गेली कोंबड्याकडे.

"कोंबडेबुवा, कोंबडेबुवा,
मामा काही उठेना,
हापसा पाणी देईना,
शेवगा पाला देईना,
मेंढी लोकर देईना,
गादी काही होईना!
आरव ना."

"भरदुपारी? लोक काय म्हणतील?"

"मला पिल्लं होणार!"

"पैलवानाला पिल्लं? कॉक कॉक कॉक! मामा म्हणतो, तू पैलवान. मामाला सगळं कळतं. पण आरवेन हो. पोट रिकामं आहे. आधी कुंदाला सांग, दाणे दे."

टुण... हुश्श! टुण... हुश्श! पैलवान गेली कुंदाकडे. कुंदा ओसरीवर बसली होती.

"कुंदा, कुंदा,
कोंबडा काही आरवेना,
मामा काही उठेना,
हापसा पाणी देईना,
शेवगा पाला देईना,
मेंढी लोकर देईना,
गादी काही होईना!
दाणे दे ना."

"गादी कशाला?"

पैलवान काही बोलली नाही. सांगून कोण ऐकतंय! ती कुंदाच्या मांडीवर जाऊन बसली.

कुंदाने तिच्या पोटावर हात ठेवला.

आतून काहीतरी हललं. टुक!

पुन्हा हललं. टुक टुक!

"अगं बाई! ह्या पैलवानाच्या पोटात तर बाळं आहेत!"

कुंदा धावली. कोंबड्याला ज्वारी टाकली. टप टप टप.

कोंबडा आरवला. कुकूचकू!

मामा दचकून उठला. "सकाळ झाली! चला, व्यायाम!" मामा रोज उठला की हापसा हापसतो. दंड मजबूत होतात म्हणे.

खटाक खटाक! हापशाने पाणी दिलं. धब धब धब!

पाणी शेवग्याच्या मुळाशी गेलं. शेवग्याने पाला दिला. सळ सळ सळ!

मेंढीने पाला खाल्ला. कुंपणाला अंग घासलं. खस खस खस! तारेला लोकरीचे पुंजके लागले.

कुंदाने पुंजके वेचले. पैलवानाने खोक्यात गादी केली. मऊ मऊ, उबदार. आणि आत जाऊन बसली.

सगळ्यांनी कान टवकारले.

मग खोक्यातून आवाज आला. चिक!

चिक चिक! चिक चिक चिक!

एक पिल्लू. दोन पिल्लं. तीन. चार. पाच! गुलाबी गुलाबी, अंगठ्याएवढी.

मेंढी बघत राहिली. कोंबडा बघत राहिला. मामा आला घाम पुसत. त्याने आत डोकावलं. त्याचे डोळे झाले बटाट्याएवढे.

"पैलवानाला पिल्लं?"

सगळ्यांनी मामाकडे बघितलं. मामाने मिशीवर ताव दिला.

"मी म्हणत होतोच! मला सगळं कळतं." मग त्याने सगळ्यात छोट्या पिल्लाकडे बोट केलं. "हा मात्र पैलवान हाय! छाती बघा!"

पैलवानाने नुसते कान हलवले.

संध्याकाळी वारा सुटला. खोक्याच्या फटीतून आत जायला लागला. पिल्लं कुडकुडली.

कुंदाने मामाला विचारलं, "मामा, खरा पैलवान कोण?"

"मी!" मामाने छाती फुगवली.

"नक्की?"

"अगदी नक्की!"

"मग पैलवानाला गादी कशाला? पैलवान मातीत झोपतो!"

आणि कुंदाने खाटेवरची जाड जाड गादी ओढली. सर्र सर्र सर्र! खोक्याभोवती गुंडाळली. वारा बाहेर, पिल्लं आत.

"बें हें हें!" मेंढी हसली.

मामाची फुगलेली छाती खाली आली. मामाला सगळं कळलं.

पिल्लं झोपली गादीत,
मामा झोपला मातीत,
आणि आमची गोष्ट झोपली तुमच्या उशीत.